कासवाची बाजू

स्टीफन हॉकिंग यांचा फोटो कोणीही ओळखतो. एका बाजूला कललेली मान, चष्मा, समोर पडदा आणि मागे आकाशगंगा. आकाशगंगेशिवाय हॉकिंग छापायचे नाहीत, असा वर्तमानपत्रांत बहुधा नियमच असावा. मी मात्र हल्ली तो फोटो दिसला की आकाशगंगेकडे बघत नाही आणि पडद्याकडेही बघत नाही. पडद्याखाली एक दांडा असतो, तो बघतो. तो खुर्चीच्या कुठल्या नळीला आवळलाय, त्याला सांधे किती, मूठ डावीकडे की उजवीकडे. बहुतेक वेळा फोटोग्राफरनं नेमका तेवढाच भाग कापलेला असतो. विश्व कसं सुरू झालं याबद्दल मला कुतूहल आहे, नाही असं नाही. पण एवढा पडदा एवढ्याशा नळीवर न डगमगता उभा कसा राहिला, हे कोणी आधी सांगितलं तर मी जास्त आभारी होईन.

याला कारण माझा भाचा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदूनं पाठवलेला निरोप त्याच्या हातापायांपर्यंत पोचतो, पण वाटेत मजकूर बदलतो. हात उजवीकडे न्यायचा म्हटलं की आधी डावीकडे एक फेरी होते. त्याचं बोलणं ताईला कळतं, मला बरंचसं कळतं, रिक्षावाल्याला अजिबात कळत नाही. म्हणून त्याच्या खुर्चीवर एक टॅब्लेट बसवलेला आहे. त्यावर चित्रं आणि शब्द असतात, तो दाबतो, टॅब्लेट बोलतो. या वाक्यातलं 'बसवलेला आहे' एवढं सोडलं तर बाकी सगळं सोपं आहे. घरात पान्हा सरळ धरता येणारा मी एकटा, त्यामुळे 'बसवणे' हे खातं मामाकडे आलं. आणि आमच्याकडे एकदा खातं मिळालं की राजीनामा स्वीकारत नाहीत.

समुद्रमंथनाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मंदार पर्वताची रवी केली, वासुकीची दोरी केली, आणि घुसळायला सुरुवात करताच पर्वत बुडायला लागला. म्हणजे देव आणि दैत्य दोघांनीही माउंटिंगचा विचार केलेलाच नव्हता. शेवटी विष्णूला कासव होऊन पाठ द्यावी लागली. पुढे चौदा रत्नं निघाली, त्यांची यादी पाठ असणारे लोक आहेत, वाटपावरून झालेली भांडणं तर अजून मिटलेली नाहीत. कासव मात्र खालीच राहिलं. देवळात गेलात तर सभामंडपाच्या फरशीत ते असतं, आणि लोक त्याला ओलांडून चौदा रत्नांपैकी एखादं मागायला आत जातात. अपंगांसाठीच्या उपकरणांच्या जगात शिकंज्याची हीच गत आहे. बोलणारा टॅब्लेट, डोळ्यांनी चालणारा संगणक, फुंकरीनं चालणारी खुर्ची, ही रत्नं. त्यांच्यावर बातम्या येतात, उद्घाटनं होतात. ज्या क्लॅम्पवर ते सगळं उभं असतं त्याच्यासमोर आजवर कोणी नारळ फोडल्याचं ऐकिवात नाही.

हॉकिंग यांचंच बघा. १९८५ साली ते जिनिव्हाला गेले असताना त्यांना न्यूमोनिया झाला, जीव वाचवण्यासाठी गळ्याला छेद द्यावा लागला, आणि उरलासुरला आवाजही गेला. मग काही काळ कोणीतरी अक्षरांचा तक्ता समोर धरायचा आणि हवं ते अक्षर आलं की हॉकिंग भुवई उंचावायचे. कॅलिफोर्नियातल्या वॉल्ट वोल्टॉश यांनी हे ऐकलं आणि आपला 'इक्वलायझर' नावाचा प्रोग्राम पाठवून दिला. एका बटणावर शब्द निवडत जायचं आणि संगणकानं ते बोलायचं. हा प्रोग्राम वोल्टॉश यांनी मुळात आपल्या सासूबाईंसाठी केला होता. त्यांनाही हॉकिंग यांचाच आजार होता. जावयानं खटपट करून सासूला वाचा मिळवून दिली, ही घटना आपल्याकडे घडली असती तर विनोदी लेखकांची दोन पिढ्यांची पुंजी एका रात्रीत बुडाली असती. आवाज होता एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांनी घडवलेला, किंचित यांत्रिक आणि अमेरिकन उच्चारांचा. पुढे चांगले आवाज निघाले तरी हॉकिंग यांनी तो बदलला नाही. तो त्यांचा झाला होता.

पण संगणक टेबलावर, आणि हॉकिंग काही टेबलापाशी बसून राहणारे नव्हते. ते केंब्रिजच्या रस्त्यांवरून खुर्ची अशा वेगानं हाकायचे की बरोबरच्या माणसांनी आपापली पावलं सांभाळावीत. त्यांच्या एका परिचारिकेचे, एलेन यांचे, पती डेव्हिड मेसन यांनी छोटा संगणक आणि बोलणारं यंत्र दोन्ही खुर्चीवरच बसवून दिलं. त्या दिवसापासून हॉकिंग यांचं बोलणं त्यांच्याबरोबर फिरायला लागलं. शब्द वोल्टॉश यांचे, आवाज क्लॅट यांचा, क्लॅम्प मेसन यांचा. पहिल्या दोघांवर लेख येतात. पुढे एलेन मेसन यांच्यापासून वेगळ्या झाल्या आणि १९९५ मध्ये त्यांनी हॉकिंग यांच्याशी लग्न केलं. या प्रकरणावर मी काही बोलणार नाही. एवढंच म्हणेन की मेसन यांनी आवळलेले नट मजबूत निघाले. हॉकिंग यांच्या मृत्यूनंतर, २०१८ च्या नोव्हेंबरात, त्यांची एक जुनी खुर्ची ख्रिस्टीजच्या लिलावात २,९६,७५० पौंडांना गेली. ते पैसे धर्मादाय कामाला गेले, हे ऐकून बरं वाटलं.

आता कोणी म्हणेल, ही सगळी साहेबाच्या देशातली कौतुकं. तसं नाही. चाकाच्या वाहनावर वस्तू बसवण्याची परंपरा आपल्याकडे चांगली जुनी आणि भक्कम आहे. एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर हातानं चालवायची तीनचाकी सायकल उभी असायची, आठवतं? तिच्यावर लॉटरीच्या तिकिटांचा फळा, तिकिटं कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावलेली. मागे लोखंडी नळीत खोचलेली मोठी काळी छत्री. एका हाताला पाण्याची बाटली, दुसऱ्या हाताला ट्रान्झिस्टर, आणि पुढच्या काळात रुपयाचं नाणं टाकून चालणारा लाल फोन. एक अख्खं दुकान त्या तीन चाकांवर पेललेलं असायचं, आणि धंदा करताना मालकाला जागचं हलावं लागायचं नाही. त्याला कोणी 'असिस्टिव्ह टेक्नॉलॉजी' म्हटलं नाही. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्यानं दुपारच्या वेळात केलेलं काम होतं ते. पण हात किती लांब पोचतो, पाऊस कुठल्या बाजूनं येतो आणि गिऱ्हाईक कुठल्या बाजूनं, याचा त्यात जो विचार होता, तो एखाद्या डिझाइन कॉलेजात शिकवावा असा होता.

हा वेल्डिंगवाला डोळ्यासमोर ठेवूनच मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत शिरलो. जर्मनीत कासेलला रेहाडॅप्ट नावाची कंपनी आहे, तिचा हाच एक धंदा: खुर्चीवर वस्तू बसवणे. कॅटलॉग बघताना माणूस हरखून जातो. हा शिकंजा गोल नळीसाठी, हा चौकोनी नळीसाठी, हा सांधा एका बोटानं सुटणारा. मग किंमत बघतो आणि तोच माणूस बोहरी आळीत जातो. कारण त्या किमतीत आपल्याकडच्या साध्या घडीच्या खुर्च्या कितीतरी येतात.

खुर्चीची नळी मी मापून नेली होती: बावीस मिलीमीटर आणि थोडं वर. बाहेरचे लोक तिला पाऊण आणि एकच्या मधली, म्हणजे सात-अष्टमांश इंची म्हणतात. दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं.

"काय बसवायचंय?"

"व्हीलचेअरवर टॅब्लेट."

"टॅब्लेट म्हणजे गोळी?"

मग मी समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मागच्या खोक्यातून प्लंबिंगचा अर्धा इंची पाइप धरायचा क्लॅम्प काढून समोर ठेवला. अर्धा इंची पाइप बाहेरून मोजला तर एकवीस मिलीमीटरच्या वर भरतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यातलं अर्धा इंच कुठं असतं ते प्लंबरनाच ठाऊक. आतून सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा घालायचा, म्हणजे नळीवर ओरखडा पडत नाही आणि पकड बसते. "हे बसेल," तो म्हणाला, "पण गोल नळीवर गोल क्लॅम्प फिरतो. वजन लांब टांगू नका." मला हा साराच विषय शिकवणारे पुढे बरेच भेटले, पण त्या वाक्यात भर फार थोडी पडली.

कारण गोष्ट तीच आहे. टॅब्लेट हातात घेतला तर अर्ध्या किलोचा. पण तोच हातभर लांब दांड्याच्या टोकाला लावला की खालच्या क्लॅम्पला तो अर्धा किलो वाटत नाही. दांडा जितका लांब तितका तो जड होत जातो, आणि पुण्यातला गतिरोधक आला की क्षणभर त्याचं काय होतं ते क्लॅम्पनंच सांगावं. शिवाय नळी रिकामी नसते. जिथं क्लॅम्प लावणं सोयीचं, तिथं ब्रेकचा खटका आधीच राहायला आलेला असतो. त्याला चुकवावं तर पायटा बाजूला फिरताना आपटतो. खुर्ची घडी केली की मधल्या कात्रीच्या नळ्या वर येतात आणि मध्ये येईल त्याला चिमटतात. बाहेरच्या बाजूनं लावावं तर खुर्चीची रुंदी दोन बोटं वाढते, आणि आमच्या बाथरूमचं दार ज्यानं बांधलं त्यानं त्यात दोन बोटंही सोडलेली नाहीत. एवढ्या सगळ्या भाडेकरूंमधून आपला क्लॅम्प जिथं मावेल ती जागा शोधायची. कागदावर वाटतो हा इंजिनिअरिंगचा प्रश्न. प्रत्यक्षात तो वाड्यातल्या सामाईक नळाचा प्रश्न असतो.

त्यात पुन्हा आम्ही उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. ताई भाच्याला ज्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंकडे नेते, त्यांनी माझा दांडा, क्लॅम्प, ट्यूबचा तुकडा सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "पण तो बसलाय कसा?" म्हणजे भाचा. कंबर एका बाजूला घसरलेली असेल तर खांदा वाकडा होतो, खांदा वाकडा तर हात भलतीकडे, आणि मग टॅब्लेट कितीही नेमका बसवा, बोट चुकीच्याच चित्रावर पडतं. आधी कमरेखालची उशी, मग पट्टा, मग पाय टेकलेले, मग टॅब्लेट. "आधी बैठक, मग गाणं," बाई म्हणाल्या. त्या स्वतः गातात, हे नंतर कळलं.

त्यांच्याकडूनच बाकीच्या गोष्टी कळत गेल्या. बटण कुठं लावायचं, याचं उत्तर 'हाताशी' असं नसतं. माणसाच्या अंगात कुठली एक हालचाल भरवशाची आहे ते शोधायचं आणि बटण तिथं न्यायचं. कोणाची ती डोक्याच्या मागे असते, मग बटण डोकं टेकायच्या उशीला. कोणाचा गुडघा, कोणाची हनुवटी. हॉकिंग यांचा अंगठा थकला तेव्हा चष्म्याच्या काडीला एक इन्फ्रारेड संवेदक लावला आणि गालाच्या हालचालीवर सगळं चालायला लागलं. सुरुवातीला मिनिटाला पंधरा शब्द होत, शेवटी शेवटी एखाददुसरा. या बटणांची वायर साडेतीन मिलीमीटरच्या पिनची असते, जुन्या इअरफोनची असायची तीच. फोनवाल्यांनी ते भोक केव्हाच बुजवून टाकलं, पण इथं ते अजून नांदतंय. डोळ्यांनी चालणारा संगणक असेल तर तो चेहऱ्यापासून साधारण साठ सेंटीमीटरवर, चेहऱ्याला समांतर हवा, आणि उन्हात न्यायचा नाही, कारण उन्हातल्या इन्फ्रारेडनं तो बावचळतो. खुर्ची पाठीमागे कलणारी असेल तर दांडा बैठकीच्या चौकटीला लावायचा, खालच्या सांगाड्याला नव्हे. नाहीतर माणूस मागे जातो आणि त्याचं बोलणं पुढेच उभं राहतं.

बटणांसाठी एक लवचीक हात मिळतो. तो मुळात फोटोग्राफरांचा, मॅनफ्रोटो या इटालियन कंपनीचा: तीन सांधे आणि तिन्ही एका खटक्यात घट्ट. सिनेमाच्या सेटवर दिवे टांगायला वापरतात. थेरपिस्टांनी तो केव्हाचा पळवलाय. ही चोरी मला फार आवडते. एका धंद्याच्या गरजेला दुसऱ्या धंद्यातली वस्तू चपखल बसली की मला वाटतं, जगात अजून नातेसंबंध शिल्लक आहेत.

हे सगळं नव्हतं तेव्हा लोक काय करत? तेव्हा माणूसच माउंट होता. क्रिस्टोफर नोलन नावाचे आयरिश लेखक होते, सिनेमावाले नव्हेत, त्यांच्या आधीचे. १९६५ चा जन्म. त्यांना बोलता येत नसे, हात वश नव्हते. कपाळाला पट्ट्यानं एक काडी बांधलेली, तिनं टंकलेखन यंत्राची एकेक कळ दाबायची. आणि मान स्थिर राहावी म्हणून त्यांची आई मागे उभी राहून त्यांची हनुवटी दोन्ही हातांनी धरायची. असं अक्षर अक्षर टिपत लिहिलेल्या पुस्तकाला १९८७ चा व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मालिनी चिब यांनी एका बोटानं टाइप करून 'वन लिटल फिंगर' हे आत्मचरित्र लिहिलं. ते २०११ मध्ये आलं. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी मुलीला शाळा मिळेना म्हणून १९७२ साली मुंबईत 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' काढली, तीच आताची 'अडॅप्ट'. आया धरतात. कोणी हनुवटी, कोणी संस्था.

ताईनंही धरलंच. माझा दांडा तयार व्हायच्या आधी टॅब्लेट तिच्या हातात असे. ती सोफ्यावर, भाचा खुर्चीत, मध्ये टॅब्लेट. आणि हळूहळू लक्षात आलं की हा माउंट थोडा पक्षपाती आहे. 'अभ्यास', 'औषध', 'पाणी' ही चित्रं दाबायची असली की टॅब्लेट नकळत दोन इंच पुढं सरकायचा. 'क्रिकेट', 'पिझ्झा' आणि 'आत्या घरी कधी जाणार' अशा दिशेला बोट निघालं की तो तितकाच मागं जायचा. ताई शपथेवर सांगेल की तिनं असं काही केलं नाही, आणि ते खरंही आहे. तिच्या हातानं केलं. आईच्या हाताला मत असतं, शिकंज्याला नसतं. ज्या दिवशी टॅब्लेट दांड्यावर चढला, त्या दिवशी भाच्यानं पहिली गोष्ट मागितली ती पिझ्झा, आणि त्याच्या आवाजात असा काही ठामपणा होता की त्या निर्जीव आवाजात तो आला कुठून याचं मला आश्चर्य वाटलं. आवाज तर आधीचाच होता.

मग दुसरं प्रकरण सुरू झालं. आता टॅब्लेट कायम समोर. फोटो काढला तर भाच्याच्या जागी काळी पाटी. जेवताना ताट दांड्याच्या पलीकडे. पाहुणे आले की त्याच्याकडे न बघता पडद्याकडे बघून बोलायचे, जणू टॅब्लेटच आमच्या घरचा आणि हा त्याचा खुर्चीवाला. म्हणून दांड्याला बिजागरी लावली, बाजूला करता येईल अशी. जेवायच्या वेळी ताई दांडा बाजूला करायची, आणि जेवण झाल्यावर, आठवणीनं म्हणा किंवा विसरून म्हणा, परत आणायची.

यावर भाच्यानं टॅब्लेटवर एकेक अक्षर जुळवून जे वाक्य केलं ते असं: "मामा माझं तोंड दुसऱ्याच्या हातात आहे."

अमेरिकेतल्या मिनिआपोलिसला ब्लूस्काय डिझाइन्स नावाची कंपनी आहे. तिनं याच एका तक्रारीवर 'माउंटन मूव्हर' नावाचा दांडा काढलाय. त्यात खुर्चीतल्या माणसानं स्वतःच दांडा पुढं-मागं करायचा असतो. कुठं थांबायचं त्या जागा आधी ठरवून ठेवायच्या, आणि अगदी हलक्या धक्क्यानं तो सुटतो, ठरल्या जागी पुन्हा अडकतो. हे वाचल्यावर मला पटकन उमजलं की आजवर मी निम्माच दांडा बनवला होता. पुढचं सगळं काम मग दुसऱ्या निम्म्यासाठी झालं. बिजागरीला एक सैल बुश, तिच्या तोंडाशी कपाटाच्या दाराला असतो तसला मॅग्नेट, आणि टॅब्लेटच्या खाली सायकलच्या हँडलची रबरी मूठ. भाच्याचा हात डावीकडची जी फेरी न बोलावता मारतो, तिच्याच वाटेवर ती मूठ येईल अशी बसवली. फेरी आली, मूठ ढकलली गेली, मॅग्नेट सुटला, टॅब्लेट बाजूला. त्याच्या अंगातली जी हालचाल आजवर सगळ्यांना आडवी येत होती तिला नोकरी लागली. ही युक्ती थेरपिस्ट बाईंची. मी फक्त भोकं पाडली.

आता तो जेवताना टॅब्लेट ढकलून देतो. कधीकधी ताई सल्ला द्यायला लागली की तेव्हाही देतो. आणि आत्या मागे येऊन उभी राहिली की हमखास देतो. या आत्याचा मोठा प्रॉब्लेम आहे: ती त्याच्या खांद्यावरून पडदा वाचते आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत स्वतःच पूर्ण करते. तो 'मला भूक' एवढं लावतो, की ही 'लागली ना, चल पोहे देते' म्हणून स्वयंपाकघरात. त्याला म्हणायचं असतं, मला भूक नाही. टोबी चर्चिल नावाचे इंग्रज इंजिनिअर होते; तरुणपणीच्या आजारात त्यांची वाचा गेली, तेव्हा १९७० च्या दशकात त्यांनी स्वतःसाठीच 'लाइटरायटर' नावाचं टाइप करून बोलायचं यंत्र बनवलं. त्याला पुढे दोन पडदे आले, एक लिहिणाऱ्याकडे आणि एक समोरच्याकडे. म्हणजे ऐकणाऱ्यानं समोर यावं, चेहऱ्याकडे बघावं, मागून डोकावू नये. चर्चिलना आत्या होती की नाही माहीत नाही, पण अनुभव होता हे नक्की.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही आधार शेवटच्या क्षणी आठवतो. २००१ च्या जानेवारीत हॉकिंग मुंबईला आले होते, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या स्ट्रिंग्ज परिषदेला. एकोणसाठावा वाढदिवसही इथंच झाला. महिंद्र कंपनीनं त्यांच्यासाठी एक गाडी अशी फेरफार करून दिली की खुर्चीसकट आत जाता येईल. मग ते दिल्लीला गेले. त्यांना कुतुबमिनार, जंतरमंतर पाहायचं होतं, आणि तिथं पायऱ्या. अपंगांच्या हक्कांसाठी भांडणारे जावेद अबिदी आणि त्यांच्यासारखे लोक अशा ठिकाणी रॅम्प मागतच होते. विश्वाच्या सुरुवातीचा हिशोब मांडणारा माणूस दाराशी येऊन थांबला म्हटल्यावर पुरातत्त्व खात्यानं लाकडी रॅम्प टाकले. कासव मिळतं, पण पर्वत बुडायला लागला की मगच.

भाच्याचं पहिलं उपकरण टॅब्लेट नव्हतं. तो लहान होता तेव्हा एक लाल, बशीएवढं बटण आणलं होतं. त्यात एकच वाक्य ध्वनिमुद्रित करून ठेवता येतं. दाबलं की ते वाक्य मोठ्यानं येतं. वाक्य शक्यतो त्याच वयाच्या मुलाच्या आवाजात भरावं असं सांगतात, म्हणून गणपतीत आम्ही शेजारच्या मुलाकडून 'गणपती बाप्पा' भरून घेतलं. घरात ते बटण ट्रेवर ठेवलं की त्याच्या हाताच्या फटकाऱ्यानं थेट कोचाखाली जायचं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ते टिकणार कसं? म्हणून मी ते गुडघ्याजवळच्या नळीला, क्लॅम्प घालून, ॲलन कीनं बोल्ट पिळून पक्कं बसवलं. गुडघा त्याचा तेव्हाही भरवशाचा होता.

सोसायटीच्या गणपतीला ढोलताशा परवडत नव्हता. एक टेम्पो, झांजा आणि आम्ही. कोपऱ्यावर झांजा जरा थांबल्या आणि भाच्यानं गुडघा आपटला. "गणपती बाप्पा!" सगळे वळले आणि म्हणाले, "मोरया!" त्यानं पुन्हा आपटला. सगळे पुन्हा म्हणाले. आता मराठी माणसाची एक अडचण आहे. समोरून 'गणपती बाप्पा' आलं की 'मोरया' म्हटल्यावाचून त्याला राहवत नाही. तो कर्ज मागायला आलेला असो की जिन्यात घसरलेला असो. भाच्याच्या हे ध्यानात आलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो म्हणेल तेव्हा शंभर माणसं उत्तर देत होती, रस्त्याच्या पलीकडचा भाजीवालासुद्धा. त्यानं थांबायचं काही कारण नव्हतं, आणि तो थांबलाही नाही. सोसायटीच्या अध्यक्षांचा आवाज बसला. टेम्पोवाल्यानं काच वर केली आणि आतून मोरया म्हणायला लागला. "अरे, पुरे रे राजा आता," म्हणत आत्या पुढं आली आणि बटण काढून घ्यायला वाकली. बटण जागचं हलेना. तिनं दोन्ही हात लावले, तरी हलेना. बोल्ट माझ्या हातचा होता आणि ॲलन की दुसऱ्या मजल्यावर माझ्या डब्यात होती.

"गणपती बाप्पा!"

"मोरया," आत्या म्हणाली. मग तिनं मला हाक मारली, चांगली खणखणीत, दोनतीनदा. मी झांज वाजवत होतो. मला काही ऐकू आलं नाही.